बाटलीतलं मीठ

सकाळी साडेनऊला मी बाटलीत मीठ टाकलं. चांगलं चार चमचे. प्रयोगशाळेच्या कपाटातलं, सीलबंद बरणीतलं, शुद्ध. बाटली दोन लिटरची, काचेची, पाण्याने भरलेली. तिच्यावर आदल्या दिवसाची तारीख, माझ्याच अक्षरात. शेवटचा दाणा दिसेनासा होईपर्यंत मी बाटली हलवली, होती तशी पंपाशेजारी ठेवली, हातमोजे काढले आणि बाहेर येऊन माझ्या टेबलाशी काहीतरी वाचत बसल्याचं सोंग घेतलं.

दहाच्या सुमाराला प्रल्हाद आला.

"ताई, आज लवकर?"

"झोप नाही लागली," मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्याने चपला बाहेर काढल्या, डोक्याला टोपी चढवली, हातमोजे घातले आणि काळ्या पडद्याआड गेला. मी कान टवकारले. आधी नळाचा आवाज आला, मग शुद्ध पाण्याच्या यंत्राची घरघर, मग पंपाची टकटक. रोजचेच आवाज होते. मी त्यांच्यात चोराची पावलं शोधत होते.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. पुण्यातल्या एका संस्थेत मी पीएच.डी. करत होते, वर्ष चौथं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण संस्थेचा यात दोष नाही. माझं नाव वृषाली बोंद्रे, कोल्हापूरची. आमच्या घरात सगळे तोंडावर बोलणारे. मी एकटीच मनात ठेवून खोदत बसणारी निपजले. आई म्हणायची, दुधात माशी नसली तर ही बाहेरून आणून टाकेल, पण शोधून दाखवेल.

आमचं काम सांगायला सोपं होतं. पाणी दगडाला जिथे टेकतं, तिथला पाण्याचा अगदी शेवटचा थर कसा वागतो ते बघायचं. दगड म्हणजे फ्लोराइट, काचेसारखा स्वच्छ, कापून त्रिकोणी केलेला. त्याच्या एका बाजूला पाणी खेळवायचं आणि दुसऱ्या बाजूने दोन लेसर सोडायचे, एक हिरवा आणि एक डोळ्यांना न दिसणारा. दोघे एकाच वेळी एकाच जागी पडले की तिथून तिसराच, निळा प्रकाश निघतो, अगदी क्षीण. गंमत अशी की तो फक्त सीमेवरून निघतो. आतल्या पाण्याचे रेणू जत्रेतल्या माणसांसारखे चहूकडे तोंडं करून असतात, त्यांचं आपसात फिटून जातं. दगडाला टेकलेले रेणू तेवढे एका दिशेला तोंड करून उभे राहतात. ते जितके शिस्तीत, तितका निळा प्रकाश जास्त आणि तितका आमच्या आलेखातला उंचवटा मोठा. पाण्यात मीठ असलं की ही शिस्त मोडते आणि उंचवटा जवळजवळ बसतो.

तीन वर्षं मी हा उंचवटा मोजला होता. रोज तेवढाच. माझ्या प्रबंधाचा अर्धा डोलारा त्याच्यावर उभा होता.

मग प्रल्हाद टेकाम आला. पांढरकवड्याच्या पलीकडचं गाव, बाप कोतवाल, घरात पदवीपर्यंत पोचलेला हा पहिला. त्यांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड. त्यामुळे गावातल्या बहुतेक पोरांचे दात पिवळे-तपकिरी झालेले. त्याचेही होते. हसताना तो तोंडावर हात धरायचा. मुलाखतीत आमच्या मार्गदर्शक परचुरे सरांनी विचारलं होतं, हाच दगड का? तो म्हणाला होता, "सर, आमच्या पाण्यात हाच विरघळून येते. त्याले एकदा जवळून पाहाचं आहे." सर खूश झाले होते.

त्याला यंत्र मीच शिकवलं. दोन महिन्यांत त्याचे आलेख यायला लागले. यंत्र तेच, दगड तोच, बाटली तीच, आणि त्याचा उंचवटा माझ्यापेक्षा दीडपट. एकदा नाही, प्रत्येक वेळी.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "वृषाली, तुझ्या मोजण्यात कुठून तरी घाण येतेय. केसांना तेल-बिल लावतेस का?"

आमच्या कामात बोटाचा एक ठसा सगळ्या प्रयोगाचं मातेरं करतो, म्हणून तीन वर्षांत मी केसांना तेलाचा थेंब लावला नव्हता. सुट्टीत घरी गेले की माझ्या डोक्याकडे बघून आई डोळ्यांना पदर लावायची. आणि सर मला तेलाबद्दल विचारत होते!

"नाही सर."

"मग बघ बाबा. मी पेपरात प्रल्हादचा आलेख घालतोय. तुझं ते प्रकरण पुन्हा मोजावं लागेल."

पुन्हा म्हणजे आणखी दीड वर्ष. फेलोशिप आठ महिन्यांत संपत होती.

त्या दिवसापासून मी प्रल्हादवर नजर ठेवायला लागले. आणि एकदा नजर ठेवायची म्हटलं की दिसायला काय, काहीही दिसतं. तो पडदा नीट लावून घ्यायचा. मोजणी चालू असताना कोणी आत आलेलं त्याला आवडायचं नाही. मोरी सकाळी सकाळी ओली असायची. एवढ्या सकाळी हा काय धुतो? त्याच्या खिशात एक छोटी डायरी असायची. मी जवळ गेले की ती बंद व्हायची. एकदा तो जेवायला गेला असताना मी ती उघडली. आत इंग्रजी शब्द होते, पानंच्या पानं, आणि समोर मराठी अर्थ. दुसऱ्या कुणाला त्याची दया आली असती. माझ्या मनात आलं, ही मुद्दाम ठेवलेली असणार; खरी डायरी वेगळी असेल.

कुठेतरी पाणी मुरतंय याची मला खात्रीच झाली होती. आणखी एक गोष्ट होती, ती आज लिहिताना लाज वाटते. टेकाम आडनावाच्या, त्या तसल्या गावातून आलेल्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं जमेलच कसं, हा प्रश्नही माझ्या संशयाच्या तळाशी होता. मी तो कधी मोठ्याने विचारला नाही. स्वतःलासुद्धा नाही.

माझा तर्क साधा होता. हा एखादा जुना चांगला आलेख घेतो, आकडे थोडे हलवतो आणि रोज नवा म्हणून छापतो. ते सिद्ध करायचं तर त्याच्या नकळत पाणी बदलायचं. पाण्यात मीठ असेल तर प्रामाणिक मोजणीत उंचवटा बसलाच पाहिजे. नाही बसला, तर चोर रंगेहाथ सापडला.

म्हणून चार चमचे मीठ.

अकराच्या सुमाराला तो कागद हातात घेऊन बाहेर आला.

"झालं ताई. आज तं लई साफ आला."

मी कागद घेतला. उंचवटा होता तिथेच, होता तेवढाच, दीडपट. चार चमचे मिठाच्या नाकावर टिच्चून!

मला आनंद झाला, हे कबूल करते. राग नंतर आला. आधी आनंदच झाला.

"छान," मी म्हटलं आणि कागद परत दिला.

मी त्याला काहीही विचारलं नाही. सापळ्यात अडकलेल्या उंदराची चौकशी कोण करतं? तो चहाला गेल्यावर मी आत जाऊन बघितलं. बाटली अर्धी रिकामी झाली होती, चिठ्ठी माझीच. उरलेलं पाणी मी मोरीत ओतलं, बाटली तीनदा विसळून पालथी घातली. मिठाचा मागमूस राहू नये म्हणून. त्याच्या बाजूचा एकमेव पुरावा मी त्या वेळी स्वतःच्या हाताने ओतून टाकत होते.

दुपारी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मिठाचंही सांगितलं. सर बराच वेळ पेनचं टोपण उघडझाप करत राहिले.

"हे तू मला विचारून करायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं, सर."

"खरं आहे." त्यांनी आलेख पुन्हा बघितला. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला तो मुलगा आवडतो गं. उद्या सकाळी बोलावतो त्याला. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होऊन जाऊ दे."

परचुरे सर वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगते. विद्यार्थी आजारी पडला तर घरून डबा आणणारे होते. फक्त त्यांचं हसू मोठं होतं. काही मजेशीर ऐकलं की ते मान मागे टाकून असे हसायचे की खालच्या मजल्यावर कळायचं, परचुरे आज आलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सरांच्या खोलीत. प्रल्हाद उभाच राहिला.

"बस," सर म्हणाले. तो बसला. "प्रल्हाद, कालची मोजणी तू कुठल्या पाण्यावर केलीस?"

"रोजच्याच, सर."

"काल त्या बाटलीत मीठ होतं."

प्रल्हादने आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मीठ? कोनं टाकलं?"

"ते महत्त्वाचं नाही. मीठ असताना हा आलेख येऊच शकत नाही. मग हा आला कुठून?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या काळ्यानिळ्या झाल्या. बोलायला लागला तशी त्याची जपून जमवलेली पुण्याची भाषा गळून पडली.

"सर, ते पानी म्या वापरलंच नाई. फेकून देल्लं होतं. नवीन भरलं होतं मशीनीतून."

"का?"

"आदल्या दिवसाचं होतं ना, सर."

"आदल्या दिवशीचंच वापरायचं असतं. रात्रभर हवेत राहून ते स्थिर होतं. वृषालीने शिकवलं नाही तुला?"

"सांगितलं होतं ताईनं. पण..." तो खुर्चीच्या कडेवर आला. "शिळं होतं, सर."

सर हसले. तेच ते मान मागे टाकून. "शिळं! अरे, पाणी म्हणजे काय पोळी आहे का? दोन लाख रुपयांच्या यंत्रातून गाळलेलं पाणी, आणि हा म्हणतो शिळं!"

मीही हसले. प्रल्हादने सवयीने तोंडावर हात नेला. तो हसत मात्र नव्हता.

"ठीक आहे," सर डोळे पुसत म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? चल, आमच्यासमोर मोज. तुझंच ताजं पाणी घे."

आम्ही पडद्याआड गेलो. त्याने ताजं पाणी भरलं, नळी बसवली, पंप चालू केला. पहिली दहा मिनिटं पाणी खेळवून सगळं धुऊन घ्यायचं असतं. तो लेसरच्या आरशांशी वाकला. त्याने दोन्ही किरण माझ्यापेक्षा लवकर जुळवले. दहा मिनिटं झाली तसा मी सवयीने हात लांब केला आणि पंप बंद केला. मी नेहमीच करायचे. पाणी स्थिर झाल्याशिवाय मोजायचं नाही, हे माझ्या हातालाच माहीत होतं.

टकटक थांबली तसं प्रल्हादने चटकन डोकं वर केलं. पंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं. मग त्याने सरांकडे बघितलं. सर स्टुलावर बसले होते. चेहऱ्यावर मघाच्या हसण्याचा थोडा अंश अजून होता. प्रल्हादने तोंड मिटलं.

ते मी बघितलं होतं. मी त्याचा अर्थ लावला: चोराच्या मनात चांदणं.

अर्ध्या तासाने मोजणी सुरू झाली. संगणकाच्या पडद्यावर आलेख एकेक ठिपका करत चढायला लागला आणि जिथे माझा थांबायचा, बरोबर तिथेच थांबला. दीडपट नाही. माझ्याएवढा.

मी श्वास सोडला. तीन वर्षं परत मिळाल्यासारखं वाटलं.

"आता सांग," सर म्हणाले.

प्रल्हाद आलेखाकडे बघत होता. "मले नाई समजून राहिलं, सर," तो म्हणाला. "म्या खोटं नाई केलं."

सरांनी तक्रार वर नेली नाही. मुलाचं आयुष्य बरबाद होईल म्हणाले. घरगुती कारणाने सोडतोय असं त्याच्याकडून लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो पत्र्याची पेटी घेऊन गेला. मी तेव्हा पडद्याआड होते. त्याने बाहेरून हाक मारली, "ताई, येतो." मी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर दीड महिन्याने, मंगळवार होता, दुपारी मी मोजत होते. पेपरात आता माझा आलेख जाणार होता. पाणी खेळत असतानाच आईचा फोन आला. काकांना दवाखान्यात नेलं होतं. मी बाहेर गेले, बोलले, परत आले, आणि डोकं ठिकाणावर नसल्याने मोजणी सरळ सुरू केली. आलेख चढायला लागला. माझ्या नेहमीच्या जागी थांबला नाही. वर गेला.

दीडपट.

माझा पहिला विचार काय असावा? प्रल्हादने जाताना यंत्रात काहीतरी करून ठेवलंय! खरंच हेच आलं मनात. मी आरसे तपासले, दगड काढून बघितला, फायली उघडून बघितल्या. आणि मग, एवढा वेळ कानावर पडत असलेली टकटक मला ऐकू आली. पंप चालू होता.

मी पंप बंद केला, अर्धा तास थांबले, मोजलं. उंचवटा खाली. चालू केला, मोजलं. वर. संध्याकाळपर्यंत मी हेच सहा वेळा केलं. दगडातून थोडं फ्लोराइड सतत पाण्यात उतरत असतं. पाणी थांबलेलं असलं की ते तिथेच रेंगाळतं, परत दगडाला चिकटतं. पाणी वाहतं असलं की ते वाहून जातं, दगडाच्या अंगावर विद्युतभार उरतो आणि रेणू आणखी शिस्तीत उभे राहतात. हे सगळं मला नंतर नीट मांडता आलं. त्या संध्याकाळी मला एवढंच कळलं की तो पंप बंद करत नव्हता. आणि तो बंद करायचा असतो हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. शिकवलं त्या दिवशी पंप चालूच होता. तो जेवायला गेल्यावर मी बंद केला. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटलं असेल. आमच्या छापील नोंदवहीत पंपाचा रकानासुद्धा नव्हता.

मी मोरीशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग तिथेच खाली बसले आणि रडले. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

सकाळी मी सहाही आलेख सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि ताडकन उठले.

"वृषाली! अगं हे काय आहे कळतंय का तुला? वाहतं पाणी दगडाचा स्वभाव बदलतं! हा पेपर बघ कुठे जातो. तुझं नाव पहिलं."

एक क्षण, एकच क्षण, मी गप्प राहिले. त्या क्षणाबद्दल मी खोटं बोलणार नाही. नाव माझं लागलं असतं. कुणालाही कळलं नसतं.

"सर, हा प्रल्हादचा आलेख आहे," मी म्हटलं. "तो पंप चालू ठेवून मोजायचा."

सर खाली बसले. खिडकीबाहेर बघत राहिले. "त्या दिवशी तो काहीतरी बोलणार होता," ते म्हणाले. "मी बघितलं होतं."

"मीही बघितलं होतं."

"पत्र पाठवतो मी त्याला."

"पत्र नको. मी जाते."

पांढरकवड्याला तो पाणी तपासणीच्या सरकारी खोलीत रोजंदारीवर लागला होता. टेबलावर गावोगावच्या बाटल्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मला बघून तो उठला. बसा म्हणाला नाही, पण खुर्ची पुढे सरकवली.

मी सगळं सांगितलं. फोन, पंप, सहा आलेख. माफी मागायला लागले तेव्हा त्याने हात वर करून थांबवलं.

"किती वेळात वाढते?" त्याने विचारलं.

"काय?"

"उंचवटा. पंप चालू केल्यावर लगेच वाढते, का हळूहळू?"

"दहा-पंधरा मिनिटांत."

"आन् बंद केल्यावर परत तेवढाच येते?"

"तेवढाच."

"मंग ते विरघळनंच आहे." तो खिडकीकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. ते हसू होतं, आणि तोंडावर हात न्यायला तो विसरला होता.

"तू पंप चालू का ठेवायचास, प्रल्हाद?"

"आमच्याकडे हापशीचं पयलं पानी कोनी भरत नाई, ताई. रातभर दगडात थांबलेलं असते ते. वीस-पंचीस हात मारून सोडून द्याचं, मंग पान्याचा गुंड लावाचा. आन् गुंड भरेस्तोवर हापशी थांबवाची नाई. माय लहानपनीच शिकवते." त्याने खांदे उडवले. "तिथंही हात तसाच चालला. आमचंच पानी आहे ना ते."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? मी पंप बंद केला तेव्हा?"

"सर एकदा हासले होते," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा कायले हासवू?"

मी मान खाली घातली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, टेबलावरच्या बाटल्या किणकिणल्या.

"परत ये," मी म्हटलं. "सरांनी सगळी कागदपत्रं केलीत. पेपरात तुझं नाव पहिलं आहे. माझं शेवटचंही नको, मी सांगितलंय सरांना."

त्याने किणकिणलेल्या बाटल्या पुन्हा जागेवर लावल्या. मग म्हणाला, "येतो. पन नोंदवहीत रकाने वाढवा लागन. पानी कवा भरलं, कोनं भरलं, पंप चालू का बंद. आन् शेवटी एक रकाना, जवळ कोन उभं होतं त्याची सही."

"सही कशाला?"

"रकाना पायजे," तो म्हणाला.

तो परत आला. सरांनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, चहा-भजी मागवली. पेपर छापून आला. सगळं सुरळीत झालं असं कुणीही म्हणेल. माझा प्रबंधही वेळेत झाला, उलट त्याच्याच शोधामुळे वजनदार झाला, आणि मी त्याच प्रयोगशाळेत पुढे नोकरीला राहिले.

फक्त तो मला ताई म्हणायचा बंद झाला. मॅडम म्हणायला लागला. माझ्याशी बोलताना पुस्तकातली मराठी बोलायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि मोजणीआधी रोज पडदा बाजूला करून उभा राहायचा. "मॅडम, येता का?" मी जायचे. तो रिकामी बाटली माझ्यासमोर उलटी करून दाखवायचा, माझ्यासमोर भरायचा, पंपाच्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघायचा. दोन्ही हातमोजे पालथे-उताणे करून दाखवायचा. मग नोंदवही पुढे करायचा आणि मी शेवटच्या रकान्यात सही करायचे. चिडून नाही, टोमणा मारून नाही. एखाद्याने देवळात जाताना चप्पल काढावी तितक्या सहज. साडेतीन वर्षं. पहिल्या वर्षी मला वाटायचं, हळूहळू विसरेल. दुसऱ्या वर्षी मी एक-दोनदा काम असल्याचं सांगून टाळलं. तर तो मोजणी न करता स्टुलावर बसून राहिला, मी मोकळी होईपर्यंत.

त्याची आमच्याकडची शेवटची मोजणी एका शुक्रवारी होती. प्रबंध बांधायला गेलेला होता, ही एक जास्तीची, कुठेही न छापायची. त्याच्या गावच्या पाण्याचा नमुना त्याने स्वतःच्या समाधानासाठी आणला होता. पडदा बाजूला झाला.

"मॅडम, येता का?"

मी गेले. त्याने बाटली उलटी करून दाखवली. माझं काय झालं कोण जाणे, माझा आवाज चढला.

"पुरे की आता, प्रल्हाद! संपलं सगळं. हे कुठे जायचंसुद्धा नाही. आता तुला कोण काय विचारणार आहे?"

त्याने नोंदवही उघडली, पान माझ्याकडे फिरवलं आणि पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं.

"तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं, मॅडम," तो म्हणाला.

मी सही केली.